हाताबाहेरच्या गोष्टी आणि हातातला तास : सीमाभागातील मराठी शाळांच्या शिक्षकांसाठी

जागा रिकामी झाली की वर्षानुवर्षं भरत नाही. मराठी पाठ्यपुस्तकांचा संच अपुरा येतो. परिपत्रक कन्नडमध्ये येतं आणि ‘आज सायंकाळपर्यंत माहिती द्या’ हे शेवटच्या ओळीत असतं. शिकवायचा तास चालू असताना सर्वेक्षणाचा आदेश हातात पडतो. शेजारच्या गावची पिवळी बस येऊन पहिलीतली दोन मुलं इंग्रजी शाळेत घेऊन जाते, आणि पटसंख्या का घसरली याचा खुलासा मात्र तुम्हाला द्यावा लागतो. बेळगाव, खानापूर, निपाणीपासून हल्याळ, कारवार आणि वर भालकी, औरादपर्यंतच्या मराठी शाळांत हे सगळं रोजचं आहे.

यातली बहुतेक कारणं शिक्षकाच्या हाती नाहीत. पण प्रत्येक त्रास दोन ठिकाणी वेळ खातो : एकदा प्रत्यक्ष कामात, आणि पुन्हा त्याबद्दलच्या विचारात, चर्चेत, चरफडण्यात. पहिला वेळ कमी करणं अवघड असतं. दुसरा करता येतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत तोच मोठा असतो. इथे दिलेली पद्धत त्या दुसऱ्या वेळेसाठी आहे. यात अन्याय मुकाट्याने सोसायला सांगितलेलं नाही. जिथे दाद मागायची तिथे ती नीट, लेखी आणि एकदाच मागावी, आणि मग तो विषय डोक्यातून फाईलमध्ये जावा, एवढाच हेतू आहे.

आधी एक आठवडा नुसतं मोजा

शंभर पानी वही घ्या आणि चार रकाने आखा : काय झालं, निर्णय कुणाचा, कामात किती मिनिटं गेली, विचारात आणि बोलण्यात किती गेली. सोमवार ते शनिवार, रोज झोपण्याआधी पाच मिनिटं लिहा. नोंद अशी दिसेल : ‘सॅट्सवर (विद्यार्थ्यांच्या नोंदींची सरकारी ऑनलाइन प्रणाली) माहिती चढेना. निर्णय : राज्य. काम २५ मिनिटं. चरफड : स्टाफरूममध्ये २०, घरी ३०, अंथरुणात २०.’ म्हणजे पंचवीस मिनिटांच्या कामाने सत्तर मिनिटं वर खाल्ली.

यात दोन चुका होतात. पहिली, तीन दिवस साचवून एकदम लिहिणं. तेव्हा मिनिटं अंदाजाने पडतात आणि मोठा राग तेवढा आठवतो, छोटी रोजची कुरकुर निसटते. दुसरी, वही शाळेत ठेवणं. ती घरीच ठेवा आणि माणसांची नावं न घालता पदं लिहा : मुख्याध्यापक, सीआरपी (क्लस्टरचा म्हणजे शाळासमूहाचा संसाधन शिक्षक), बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालय. नावं असलेली वही भलत्याच्या हाती लागली तर नवा त्रास उभा राहतो. नावं टाळल्याचा आणखी एक फायदा म्हणजे राग माणसावरून कामावर येतो.

निर्णय नेमका कुणाच्या हाती

आठवडा संपला की दुसरा रकाना नीट भरा. पातळ्या पाच आहेत. शाळा : मुख्याध्यापक आणि एसडीएमसी, म्हणजे पालकांची शाळा विकास व देखरेख समिती. क्लस्टर आणि तालुका : सीआरपी, बीआरसी म्हणजे तालुक्याचं संसाधन केंद्र, गटशिक्षणाधिकारी म्हणजे बीईओ. जिल्हा : उपनिर्देशक म्हणजे डीडीपीआय आणि जिल्हा पंचायत. राज्य : बेंगळूर. पाचवी पातळी कुणाच्याच हातात नसलेल्या गोष्टींची : पाऊस, नेटवर्क, पालकांचं पोटापाण्यासाठी गोव्याकडे जाणं.

एक ध्यानात ठेवा, बेळगाव जिल्ह्यात शैक्षणिक जिल्हे दोन आहेत, बेळगाव आणि चिक्कोडी. निपाणीच्या शाळेचा अर्ज चिक्कोडीच्या उपनिर्देशकांकडे जातो. तो बेळगावला दिला की आठवडे फुकट जातात.

बेंगळूरमध्ये ठरलेल्या गोष्टीवरून सीआरपीशी भांडणं, ही इथली सर्वांत नेहमीची चूक आहे. सीआरपी हा मुळात शिक्षकच असतो. त्याला निर्णय बदलता येत नाही, पण तुमची अडचण वर कळवता येते आणि मुदतीत दोन दिवस सवलत मिळवून देता येते. त्याच्याशी संबंध बिघडले तर एवढाही आधार जातो.

एका त्रासाला एक कागद

तालुका, जिल्हा किंवा राज्याच्या हातातला जो त्रास वहीत तीनदा आला असेल, त्याच्यासाठी कागद काढा. एकदाच घडलेल्या गोष्टीसाठी अर्ज नको.

१. अर्ज एक पानाचा. एका अर्जात एकच मागणी. रिकामी जागा, शौचालय आणि थकलेलं मानधन एकत्र लिहिलंत तर तीन टेबलांवर फिरून तो कुठेच निकाली निघत नाही.

२. पहिल्या ओळीत संदर्भ : कुठल्या परिपत्रकाचा क्रमांक, कुठली तारीख. मग आकड्यांत वस्तुस्थिती, शेवटी मागणी. ‘सतत अन्याय होत आहे’ असं वाक्य काढून टाका, त्या जागी पट, मंजूर जागा, भरलेल्या जागा लिहा.

३. संविधानाच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येतं, त्यामुळे मराठी अर्ज बेकायदा नाही. पण टेबलावरचा कारकून कन्नडमध्ये वाचतो. म्हणून कन्नड अर्ज वर आणि मराठी प्रत मागे जोडा. हक्क तर राहतोच, शिवाय अर्ज वाचलाही जातो.

४. सेवेतल्या शिक्षकाचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फतच जावा. थेट वर पाठवला तर मागणी बाजूला पडते आणि शिस्तभंगाची नोटीस पुढे येते.

५. दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज कार्यालयासाठी अस्तित्वातच नसतो.

६. तीस दिवसांनी स्मरणपत्र, पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक घालून. आणखी तीस दिवसांनी माहिती अधिकाराचा अर्ज. शुल्क दहा रुपये. कर्नाटकच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत. विचारायचं ते एवढंच : अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, फाईल आज कुणाकडे आहे. ‘का झालं नाही’ विचारू नका, कारण माहिती अधिकारात कागद मिळतात, स्पष्टीकरण मिळत नाही.

यानंतर वहीत त्या त्रासासमोर पुढची तारीख टाका. त्या तारखेपर्यंत तो विषय निघाला की स्वतःला आणि सहकाऱ्यांना एकच उत्तर द्या : ‘अर्ज दिलाय, अमुक तारखेला बघायचं.’ सुरुवातीला हे यांत्रिक वाटेल. पण डोक्यात तोच विषय फिरत राहतो त्याचं मोठं कारण हेच असतं, की आपण अजून काही केलेलं नाही अशी रुखरुख असते. तारीख ठरली की ती कमी होते.

काही मागण्या शिक्षकापेक्षा पालकांनी कराव्यात. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोन शिक्षक हवेत, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. म्हणजे पंधरा मुलांच्या शाळेलाही दोन. हे शिक्षकाने मांडलं तर कामाचा कंटाळा समजला जातो, एसडीएमसीच्या ठरावाने गेलं तर मुलांची गरज म्हणून वाचलं जातं. ठरावात कलम ३५०-अ चा उल्लेख जरूर असावा, प्राथमिक टप्प्यावर भाषिक अल्पसंख्याक मुलांना मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याबद्दलचं ते कलम आहे. अतिथी शिक्षकाची मागणीही जूनच्या पहिल्या बैठकीतच ठरावात घ्या, ऑगस्टमध्ये नव्हे.

कन्नड परिपत्रकांचा धसका

मराठी माध्यमात शिकलेल्या शिक्षकाला कार्यालयीन कन्नड जड जातं, आणि न समजलेलं परिपत्रक ते आहे त्यापेक्षा मोठं वाटतं. पण परिपत्रकांत तेच साठ-सत्तर शब्द फिरून फिरून येतात. हे पहिले काही पाठ करा : सुत्तोले म्हणजे परिपत्रक, माहिती म्हणजे माहितीच, वरदी म्हणजे अहवाल, हाजराती म्हणजे हजेरी, दाखलाती म्हणजे पटनोंदणी, कड्डाय म्हणजे सक्तीचं, तक्षण म्हणजे ताबडतोब, सल्लिसु म्हणजे सादर करणं, वर्गावणे म्हणजे बदली, नियोजने म्हणजे तात्पुरती नेमणूक. रोज तीन शब्द घेतले तर महिन्याभरात बहुतेक परिपत्रकांचा गाभा कळू लागतो.

वाचण्याचा क्रमही ठरवून घ्या. आधी तारीख, मग ‘कड्डाय’ किंवा ‘तक्षण’ आहे का, मग कुणी सादर करायचं, आणि शेवटी तक्ता. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून घेतलंत तर आकडे, तारखा आणि नकार मूळ पानावर ताडून बघा. यंत्र नेमकं तिथेच चुकतं, आणि ‘करू नये’चं ‘करावे’ झालं तर निस्तरायला महिना जातो. शाळेतल्या कन्नड विषयाच्या शिक्षकाकडे आठवड्यातून एकदा अर्धा तास मागा आणि साचलेली परिपत्रकं एकत्र बसून वाचा. रोज एकेक घेऊन गेलात तर त्यांनाही जाच होतो.

शिकवण्याबाहेरची कामं

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकाला तीनच अशैक्षणिक कामं देता येतात : दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. बाकी कामांबद्दल संघटनेमार्फत बोलता येतं. एकट्याने आदेश नाकारू नका, कारण कारवाई होते ती एकट्यावर. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये राज्याच्या सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणात शिक्षकच गणक होते, आणि ते लांबलं म्हणून दसऱ्याची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवावी लागली. जनगणना २०२७ चं कामही शिक्षकांच्याच खांद्यावर आहे, तेव्हा अशा दिवसांची तयारी आधीच असू द्या.

पिशवीत आदेशाची छायाप्रत, ओळखपत्र, पॉवर बँक, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम, कच्ची वही आणि पाणी असावं. जांबोटी, कणकुंबीकडच्या वाड्यांत नेटवर्क गावभर नसतं, ठरावीक उंचवट्यावर असतं. घरोघरी माहिती वहीत घ्या आणि अशा जागी बसून एकदम भरा. ॲप अडकलं तर पडद्याचा फोटो वेळेसह ठेवा. उद्या ‘काम का राहिलं’ म्हणून विचारणा झाली तर तो फोटो कामी येतो. आणि रोजचे बुडालेले तास वहीच्या मागच्या पानावर लिहा.

परत आल्यावर खरी चूक होते ती सगळं भरून काढण्याच्या हट्टात. दहा दिवस गेले तर साठेक तास गेले. ते परत येणार नाहीत. बुडालेल्या घटकांचे तीन ढीग करा. ज्यावर पुढचं उभं राहतं, म्हणजे भागाकार, अपूर्णांक, जोडाक्षरांचं वाचन, ते पूर्ण वेळ देऊन शिकवा. जे एका तासात सारांशाने होतं, ते तसं करा. जे मूल घरी वाचू शकतं, ते वाचायला द्या आणि दुसऱ्या दिवशी चार प्रश्न विचारा. हे तीन ढीग मुख्याध्यापकांना लेखी दाखवून ठेवा, म्हणजे तपासणीत ‘हा पाठ कुठे आहे’ या प्रश्नाला उत्तर तयार राहील.

एकटा शिक्षक, पाच इयत्ता

जागा भरली जाण्याची वाट बघत वर्ष काढता येत नाही. पहिली ते तिसरीचा नलीकली (कार्डांवरून खेळत शिकण्याची कर्नाटकातली पद्धत) गट आणि चौथी-पाचवी, असे दोनच गट धरा. चाळीस मिनिटांच्या तासाचे तीन तुकडे करा. पहिल्या पाच मिनिटांत दोन्ही गटांना काम लावायचं. पुढची पंधरा मिनिटं चौथी-पाचवीला समोरासमोर शिकवायचं आणि नलीकली गटाने कार्डं करायची. उरलेली वीस मिनिटं लहान गटात बसायचं आणि मोठ्यांनी लिखाण करायचं. पुढच्या तासाला क्रम उलटा.

ही घडी टिकते किंवा मोडते ती स्वाध्याय-कार्डांवर. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मोठ्यांसाठी प्रत्येक विषयाची वीस कार्डं करा. एका कार्डावर पंधरा मिनिटांचं एकच काम, मागे उत्तर. कार्ड बरोबर जमलं की नाही याची परीक्षा सोपी आहे : चौथीतल्या मध्यम मुलाने ते वाचून कुणालाही न विचारता काम सुरू करायला हवं. विचारायला उठलं तर कार्ड पुन्हा लिहा. अवघड कार्डांनी तुमच्यापुढे मुलांची रांग लागते, आणि एकट्या शिक्षकाचा दिवस त्या रांगेत संपतो. तपासणी जोडीने : मुलं एकमेकांचं मागचं उत्तर बघून तपासतात, तुम्ही रोज फक्त पाच वह्या बघता. सगळ्यांच्या सगळ्या वह्या बघायच्या हट्टाने शिक्षक सप्टेंबरपर्यंत थकतो.

पुस्तकं उशिरा आली तर कर्नाटक पाठ्यपुस्तक सोसायटीच्या संकेतस्थळावर मराठी माध्यमाची पुस्तकं उतरवून घेता येतात. अख्खं पुस्तक छापू नका. पहिले दोन पाठ, चार मुलांत एक प्रत, एवढ्यात पहिला महिना निघतो. महाराष्ट्राची पुस्तकं चटकन मिळतात म्हणून तीच लावणं टाळा. अवांतर वाचनाला ती उत्तम, पण अभ्यासक्रम वेगळा आहे आणि दहावीला मूल कर्नाटक मंडळाचीच परीक्षा देणार आहे.

पैशाचे त्रास

माध्यान्ह आहारातल्या अंड्यांचा बाजारभाव चढतो, मंजूर दर तोच राहतो, आणि फरक मुख्याध्यापकांच्या खिशातून जातो. खिशातून भरत राहिलात तर कागदावर अडचण दिसतच नाही. दर आठवड्याचं दुकानाचं बिल, अंड्यांची संख्या आणि फरकाची रक्कम नोंदवा, महिन्याच्या एसडीएमसी बैठकीच्या इतिवृत्तात घ्या, आणि अक्षर दासोह म्हणजे माध्यान्ह आहार योजनेच्या तालुका सहाय्यक निर्देशकांना त्याची प्रत द्या.

अतिथी शिक्षकांनी महिना संपला की मुख्याध्यापकांच्या सहीचं हजेरी-प्रमाणपत्र घेऊन स्वतःकडे प्रत ठेवावी. मानधन महिनोन्‌महिने थकतं तेव्हा निधी नसणं हे एक कारण, आणि बँक तपशिलातली चूक हे दुसरं. दुसरं तुमच्या हातात आहे, ते जूनमध्येच तपासा.

बदलीचंही तसंच. २०२० च्या कायद्याप्रमाणे समुपदेशनाने, म्हणजे रिकाम्या जागांतून क्रमाने निवड करून, होणाऱ्या बदलीत मराठी माध्यमाच्या जागा मुळातच मोजक्या असतात, त्या वाढवणं तुमच्या हाती नाही. पण हरकतीची मुदत थोडी असते आणि सेवापुस्तिकेतली चुकलेली रुजू तारीख त्या दिवसांत दुरुस्त होत नाही. दर वर्षी एप्रिलमध्ये ती उघडून वाचा.

१ नोव्हेंबरच्या आसपास

शाळेत कर्नाटक राज्योत्सव आदेशाने होतो आणि गावात काळा दिवस पाळला जातो. मराठी शिक्षक दोन्हींच्या मधे सापडतो, आणि हा ताण खोटा नाही. आठवडाभर आधी कार्यक्रम मुख्याध्यापकांनी लेखी ठरवावा. कुणीही शाळेत जाब विचारायला आलं तर फक्त मुख्याध्यापकांनी बोलावं. सेवा-वर्तणूक नियम स्टेटसलाही लागू होतात, तेव्हा त्या दिवसांत मोबाईलवर काही चढवू नका, कुणाचं पुढे पाठवूही नका. मुलांनी विचारलं तर जे घडलं तेवढं सांगा : १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, २००४ पासून सीमावादाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तुमचं मत तुमच्याकडे राहू द्या. डिसेंबरात बेळगावातल्या कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या काळात सीमेवरच्या बस कधीही थांबतात. कागल किंवा शिनोळीकडून ये-जा करणाऱ्यांनी त्या दिवसांसाठी अलीकडे एक मुक्कामाची सोय आधीच बघून ठेवावी.

संध्याकाळ कशी मिटवायची

शाळा सुटल्यावर खुर्चीतून उठण्याआधी दहा मिनिटं. आज राहिलेली कामं एका कागदावर, उद्याचं पहिलं काम त्यावर अधोरेखित. आज वर्गात जमलेली एक गोष्ट तारखेसह : कोणाचं वाचन सुटलं, कोणाला हातच्याची वजाबाकी आली. मग पाच मिनिटं श्वास : चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. बाहेर सोडायला जास्त वेळ द्यायचा, त्याने हृदयाची गती उतरते.

स्टाफरूममध्ये गाऱ्हाण्यांना बंदी घालू नका, ती पाळली जात नाही. मधल्या सुट्टीतली पहिली दहा मिनिटं त्यासाठी द्या, नंतर विषय बदला. शाळेचे आणि क्लस्टरचे व्हॉट्सॲप गट रात्री आठ ते सकाळी सात मूक ठेवा. तातडीचं असेल तर फोन करा, असं मुख्याध्यापक आणि सीआरपी दोघांना आधी सांगा. न सांगता केलंत तर दुर्लक्ष केल्याचा ठपका येतो.

हे सगळं करूनही दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, शाळेच्या विचाराने सकाळी मळमळ किंवा छातीत धडधड होऊ लागली, मुलांवर हात उगारला जाऊ लागला, दारू वाढली किंवा जगण्याचाच वीट आला, तर वहीचं काम तिथे संपलं. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालतो, बोलताना भाषा निवडता येते. प्रत्यक्ष तपासणीसाठी बेळगावचं जिल्हा रुग्णालय आहे, धारवाडला मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था आहे. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी, एकटं न जाता, कुणाला तरी सोबत घेऊन जा.

वही दसऱ्याच्या आणि एप्रिलच्या सुट्टीआधी पुन्हा आठवडाभर भरा आणि चौथ्या रकान्याची बेरीज पहिल्या आठवड्याच्या बेरजेशी ताडून बघा. तिसऱ्या रकान्याचा आकडा, म्हणजे कामाचा, फारसा हलणार नाही. चौथा निम्म्यावर आला नसेल तर कुठल्या त्रासासमोर अजून तारीख पडलेली नाही ते शोधा आणि त्याचा अर्ज आधी लिहा.